तेहतिसावं नाव

मी आयुष्यात एकाच सौद्यात फसलो, आणि तोही अशा माणसाकडून, ज्याला सौदा करताच येत नव्हता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या डहाणूत त्या माणसाबद्दल फार चांगलं बोललं जातं. तो नोकरी सोडून मुलीकडे राहायला गेला (जिवंत आहे, गुडघे सोडले तर सगळं शाबूत आहे), तेव्हा लोकांनी त्याला शाल-श्रीफळ दिलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, माझ्याकडे त्याच्याबद्दल दोनापेक्षा बरेच जास्त शब्द आहेत आणि त्यातले निम्मे माईकवर बोलण्यासारखे नाहीत. उरलेले निम्मे इथे लिहितो.

मी फुगे बनवतो. तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला तुम्ही भिंतीला चिकटवता त्यातला एखादा तरी डहाणूचा असतो, आणि डहाणूच्या फुग्यांत जे दुसऱ्या दिवशीही ताठ राहतात ते माझे असतात. मी इथल्याच आगर गावचा. चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या कारखान्यात साचे धुवायला लागलो, आज तलासरीच्या रस्त्याला माझा स्वतःचा कारखाना आहे. मला कुणी काही दिलेलं नाही, मी सगळं घासाघीस करून मिळवलं. रबराचं दूध, जमीन, विजेचं कनेक्शन. एवढंच काय, लग्नाचा मुहूर्त सासरच्यांनी सकाळचा काढला होता, तोसुद्धा मी दुपारवर आणला होता.

अशा माणसाला त्याने फसवलं.

त्याला सगळे ‘काउन्सिलर’ म्हणत. आधी तो तलासरीला हायवेवर, गुजरातच्या हद्दीजवळ ट्रक थांबतात तिथे काम करायचा. ढाब्यावरच्या खाटेवर बसून ड्रायव्हर लोकांना एचआयव्हीबद्दल सांगायचं, निरोध कसा वापरायचा ते दाखवायचं, तपासणीला पाठवायचं. त्याच्या हुद्द्याचं मराठी नाव समुपदेशक. ते उच्चारताना ड्रायव्हरचा ट्रक निघून जायचा, म्हणून काउन्सिलर. मग एक दिवस प्रोजेक्ट संपला. रोग संपला नव्हता, प्रोजेक्ट संपला. त्याचं अक्षर सुंदर होतं आणि मला हजेरी लिहायला माणूस हवा होता, म्हणून मी त्याला टाइमकीपर म्हणून ठेवला.

पहिल्याच आठवड्यात कारखान्याच्या गेटवर बायका यायला लागल्या. काउन्सिलर म्हणजे नगरसेवक, अशी त्यांची समजूत. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या दारात गटार तुंबलेलं. दुसऱ्या कुणी ‘बाई, मी तो नव्हे’ म्हणून घालवलं असतं. हा ऐकून घ्यायचा. ऐकून घेणं हाच त्याचा धंदा होता ना! ऐकून झालं की सुंदर अक्षरात अर्ज लिहून द्यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत नेऊन पोचवायचा. निवडून न येता त्याने दोन गटारं साफ करून घेतली. माझ्या कारखान्यासमोरचं मात्र नाही. म्हणाला, “तुमचा अर्ज आलेला नाही, शेठ.”

आता त्याचा मुख्य विकार सांगतो. तो कुणाचं काहीही कुणाला सांगत नसे.

ही त्याच्या जुन्या कामाची सवय, हे मला समजत होतं. कुणाचा रिपोर्ट काय आला ते फोडायचं नाही, बरोबर आहे. पण ती सवय त्याच्या अंगात अशी भिनली होती की रिपोर्ट नसलेल्या गोष्टीही तो फोडत नसे. डब्यात काय आहे विचारलं तर “जेवण.” फोन कुणाचा होता? “आला होता एक.” एकदा उंबरगावहून आमच्या एका कामगाराचा पाहुणा आला आणि गेटवर त्याच्या घराचा पत्ता विचारू लागला. काउन्सिलरने त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन त्या कामगाराची परवानगी विचारली. कामगार ओव्हनवर होता, पाऊण तास बाहेर येऊ शकला नाही. तेवढा वेळ पाहुणा उन्हात आणि काउन्सिलर त्याच्याशेजारी.

“अरे, नुसता पाडा सांगायचा होता! अख्ख्या रस्त्याला माहीत आहे!” मी ओरडलो.

“रस्त्याने सांगावं मग,” तो म्हणाला.

त्याच्या खांद्याला एक खाकी पिशवी असायची आणि त्या पिशवीत, गमछ्यात गुंडाळलेला, एक लाकडी नमुना. निरोध चढवून दाखवायला प्रोजेक्टने दिला होता. प्रोजेक्ट गेला, नमुना राहिला. एकदा हद्दीवर पोलिसाने पिशवी उघडायला लावली आणि गमछा सोडून विचारलं, “हे काय?” काउन्सिलरने शांतपणे सांगितलं, “फुग्याच्या कारखान्यात असतो.” खोटं नव्हतं ते. पोलिसाने फुग्याचा साचा समजून सोडून दिलं. पुढे दसऱ्याला आम्ही मशीन आणि साच्यांची पूजा केली, तेव्हा तो नमुना टेबलावर राहिला होता. आमच्या लखमीने, म्हणजे फिनिशिंगच्या बायकांत सगळ्यात जुनी, तिने तो इतर साच्यांबरोबर रांगेत मांडला, हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी पाहिलं तेव्हा आरती सुरू झाली होती. आरतीच्या मध्ये काय बोलणार? काउन्सिलर टाळ्या वाजवत होता.

नोकरीला लागल्यावर सहाएक महिन्यांनी तो म्हणाला, “शेठ, एक तास द्या. कामगारांना माहिती सांगतो.” मी म्हटलं अर्धा तास. तो म्हणाला बरं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मला वाटलं बायका लाजून पळतील. जमिनीवर शंखजिऱ्याची पावडर, हातांना पावडर, तोंडावर पदर. काउन्सिलरने निरोधचं पाकीट फोडून वस्तू लखमीच्या हातात दिली. ती लाजली नाही. तिने तीस वर्षं फुग्यांचा माल तपासला होता. तिच्या बोटांना तोंडावरची लाज माहीतच नाही. तिने वस्तू ताणली, उजेडात धरली, तोंडाची वळी अंगठ्याने फिरवली.

“वळी मशीनची हाय,” ती म्हणाली. “हाताची नाय.”

दुसरीने घेतली. “तेल जास्त, पावडर कमी. पण भोक नाय कुठं.”

“रंग इसरलेत,” तिसरी म्हणाली.

मग लखमीने तोंडाला लावून फुगवला. चांगला भोपळ्याएवढा. गाठ मारली, टिचकी दिली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “शेठ, आपल्या मालापरीस बरा हाय. कोन बनवतं?”

सगळ्या बायका हसल्या, बाप्ये तर पोट धरून हसले. माझ्या कारखान्यात, माझ्या पगारावर, माझ्या मालाची बेइज्जती! पण काउन्सिलरने तिथेच धागा पकडला. आमच्याकडे भिंतीवर पहिल्या दिवसापासून पाटी आहे, ‘नख लागलं की माल गेला’. त्या पाटीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “तुम्हाला मी काय शिकवू? हा मालही तुमच्याच मालाचा भाऊ. पाकीट दाताने फाडायचं नाही, नख लावायचं नाही, उन्हात ठेवायचा नाही, तारीख गेलेला वापरायचा नाही. आणि एकदा वापरलेला पुन्हा नाही.”

“येवढं तर आमाला ठावं हाय,” लखमी म्हणाली. “बाप्यांना सांग. त्यांची नखं बघ.”

अर्धा तास ठरला होता, दीड तास चालला. शेवटी कैनाडचा एक म्हातारा उठून विचारता झाला की फुगे तपासायला बायका तोंडाने फुगवतात, त्यातून हे पसरतं का. काउन्सिलर म्हणाला, नाही. थुंकीतून नाही, एका ग्लासातून नाही, एका ताटातून नाही, डास चावून नाही. आणि झालाच असेल तर रोज गोळी घेणारा माणूस तुमच्यामाझ्यासारखा काम करतो.

मी मागे उभा राहून ते ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं.

त्यानंतर त्याने सरकारी लोकांना बोलावून कारखान्यात तपासणी ठेवली. ज्याला करायची त्याने करावी, सक्ती नाही, रिपोर्ट ज्याचा त्याला. महिनाभराने तो माझ्या केबिनमध्ये आला. उभाच राहिला.

“शेठ, आपल्यातल्या एकाला महिन्यातून एकदा अर्धा दिवस सुट्टी लागेल. दवाखान्यातून गोळ्या आणायला. पगार न कापता.”

माझ्या हातातला चहा तिथेच थांबला. “कोण?”

“ते सांगता येत नाही.”

मी लपवत नाही. माझा विचार सरळ होता. नाव कळलं की काही महिन्यांचा पगार हातात द्यायचा आणि गोड बोलून घरी पाठवायचं. मी दुष्ट नाही, पण फुगा ही तोंडाला लावायची वस्तू आहे. वापीच्या व्यापाऱ्याच्या कानावर गेलं की डहाणूच्या अमक्या कारखान्यात असं माणूस आहे, तर माझा माल कोण घेणार? बत्तीस माणसांच्या चुली त्यावर चालतात. त्यातलं एक गेलं तर एकतीस वाचतात. मला हा हिशोब तेव्हा बिनचूक वाटत होता.

“नाव नाही तर सुट्टी नाही,” मी म्हटलं.

सौद्यात असं म्हटलं की समोरचा खाली येतो. दोन महिन्यांतून एकदा म्हणतो, पगार कापा म्हणतो. हा म्हणाला, “मग सगळ्यांना द्या.”

“काय?”

“बत्तीसच्या बत्तीस जणांना. महिन्यातून अर्धा दिवस. ज्याला बाजार करायचा तो बाजार करील, ज्याला झोपायचं तो झोपेल. रजिस्टरमध्ये सगळ्यांसमोर एकच शब्द, कामानिमित्त. म्हणजे कोण कशाला गेलं ते कुणालाच कळणार नाही.”

एवढी वर्षं धंदा केला, पण मी नाही म्हटल्यावर मागणी वाढवणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता.

“बरं, घे बाबा,” मी म्हटलं. “त्या एकालाच दे. नाव नको सांगूस.”

“आता एकाला नाही चालणार, शेठ. आता तुम्ही शोधाल.”

“मी मालक आहे! मला माझी माणसं माहीत नकोत?”

“माहीतच आहेत की तुम्हाला. काल होती तीच आजही आहेत.”

मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. त्याने गमछ्याने टेबल पुसलं. मग म्हणाला, असा माणूस कामावरून काढता येत नाही, कायदा आहे. मी कायद्याला भीत नाही असं म्हटलं. तो म्हणाला, “भिऊ नका. पाळा नुसता.” आणि पुन्हा उभा. बसत नव्हता, जात नव्हता. बाहेर ओव्हन तापलेला, ऑर्डर पडलेली. मी म्हटलं, “बत्तीस. घेऊन टाक. पण एकही जास्त नाही!”

“एकही कामगार जास्त नाही,” तो म्हणाला.

या वाक्याकडे नीट बघा. मी तेव्हा बघितलं नाही.

अर्थात मी शोध सोडला नव्हता. कामगारांतही कुजबूज सुरू झाली होतीच. माठापाशी सगळे स्टीलचे ग्लास एका फळीवर उपडे असायचे. एका सकाळी एक ग्लास लांब, खिडकीत ठेवलेला दिसला. ओव्हनवरच्या एकाला जुना खोकला होता, तो त्याचा. कुणी ठेवला कुणास ठाऊक, पण तो माणूस त्या दिवशी पाणीच प्यायला नाही. काउन्सिलरने बघितलं. त्याने खोकणाऱ्याला बोलावलं, खिडकीतला ग्लास भरून हातात दिला, अर्धा पिऊ दिला, आणि उरलेला अर्धा स्वतः घटघट प्यायला. सगळ्यांसमोर. तेव्हापासून रोज माठापाशी कुणीही ग्लास खाली ठेवायला लागलं की हा पुढे होऊन तोच घ्यायचा. त्यात माझाही सुटला नाही. मला उष्टं चालत नाही असं मी सांगितलं. तो म्हणाला, “तुमचं मी पितोय शेठ, माझं तुम्ही नाही.”

मी वजनं बघायला लागलो. कोण वाळलंय? पण आमच्याकडे वाळलेल्यावरून आजारी ओळखायचं तर अर्धा तालुका घरी बसवावा लागेल. मग मी तारखा बघितल्या, पण सगळ्यांच्या सुट्ट्या सगळ्या वारांवर अशा शिंपडलेल्या की काही हाती लागेना. एकदा मी ऑर्डरचं निमित्त करून महिनाभराच्या सगळ्या सुट्ट्या बंद केल्या. कोण गडबडतं ते बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी माणसं केबिनबाहेर. पुढे लखमी.

“शेठ, सुट्टी कधी?”

“तुला कशाला पाहिजे ग?”

“कामानिमित्त.”

मागच्याला विचारलं. “कामानिमित्त.” त्याच्या मागच्यानेही तेच. शाळेतल्या पोरांनी पाढा म्हणावा तसे सगळे. काउन्सिलर हजेरीच्या टेबलावर पेन्सिलीला टोक करत बसला होता. सुट्ट्या सुरू झाल्या.

आता माझ्यावर काय बेतलं ते ऐका.

माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, चिंचणीला असतो. दुसऱ्याचे कागद वाचायची त्याला हौस. एकदा मला भेटायला आला, मी नव्हतो, हा हजेरीच्या टेबलाशी बसला आणि रजिस्टर चाळत राहिला. काउन्सिलर तेवढ्यात गेटवर कुणाचं तरी गटार ऐकायला गेला होता. मेहुण्याने पाहिलं, बत्तीस नावांच्या खाली तेहतिसावं नाव. सुंदर अक्षरात माझं. समोर दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी अर्धा दिवस. शेरा, कामानिमित्त.

दुसऱ्या गुरुवारी मी वापीला व्यापाऱ्याकडे जात असे. दर महिन्याला, न चुकता. पण मेहुण्याचं डोकं वेगळं चाललं. मजुराला सुट्टी लागते, मालकाला कशाला? तरी लिहिलीय, म्हणजे कुठेतरी गुपचूप जावं लागतंय. आमच्या कारखान्यात कुणाला तरी ‘ते’ आहे हे एव्हाना बाहेर झिरपलंच होतं. मेहुण्याने दोन आणि दोन केले, आणि चिंचणीभर वाटले.

मला हे एका लग्नात कळलं. पंगतीत सगळ्यांना स्टीलचे पेले, माझ्यासमोर कागदाचा. मी म्हटलं, मलाही पेला आणा. वाढपी म्हणाला, “दादा, तुमच्यासाठी खास.” शेजारचा माणूस पाट सरकवत सरकवत इतका लांब गेला की पलीकडच्याच्या मांडीवर बसायचा राहिला. मग न्हावी. नऊ वर्षं माझी दाढी करतोय, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत नवं ब्लेड फोडलं. तेव्हा मला उलगडलं. घरी बायकोने तर विचारलंच. ओरडून नाही. ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, “दुसऱ्या गुरुवारी वापीलाच जाता ना?”

मी तसाच कारखान्यात आलो आणि रजिस्टर काउन्सिलरच्या डोक्यात घालायचं बाकी ठेवलं.

“सौदा बत्तीसचा होता! तेहतीस कसे लिहिलेस?”

“बत्तीस कामगार लिहिले, शेठ. तुम्ही कामगार नाही. एकही कामगार जास्त नाही असं मी म्हटलं होतं.”

“माझं नाव का घातलंस?”

“कुणी बाहेरच्याने रजिस्टर बघितलं तर त्याला कामगारांत कोण ते शोधता येऊ नये म्हणून. जितकी नावं जास्त, तितकं बरं. बत्तीसांत माझं स्वतःचं आहेच. तुम्ही दुसऱ्या गुरुवारी नसताच, म्हणून सोयीचं पडलं.”

“सोयीचं!” माझा आवाज ओव्हनपर्यंत गेला. “चल माझ्याबरोबर चिंचणीला. सगळ्यांना सांग की मला काही नाही.”

“कुणाबद्दलच सांगत नाही मी, शेठ. तुमच्याबद्दलही नाही.”

“अरे, पण मला नाहीये! तुला माहीत आहे नाहीये!”

“तेही सांगता येत नाही.”

मी खुर्ची उचलली होती. खरंच उचलली होती. तो जागचा हलला नाही, फक्त टेबलावरचा चहाचा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाला, “आज तुमचं ‘नाही’ सांगितलं, तर उद्या लखमीचं विचारतील. परवा खोकणाऱ्याचं. एकेकाचं ‘नाही’ सांगत गेलो की शेवटी जे माणूस उरेल, ते कोण हे मी न सांगता सांगितल्यासारखं. त्या माणसाला लोक कागदाच्या पेल्यातही पाणी देणार नाहीत. तुम्ही शेठ आहात म्हणून पेला तरी मिळाला.”

“मग खोड माझं नाव.”

“खोडलं तर लोक म्हणतील, खोडलं.”

दुसऱ्या दिवशी मी स्वतः सरकारी दवाखान्यात गेलो. तपासणीआधी एक मुलगी खालच्या आवाजात बोलायला बसते. तिने विचारलं, “स्वतःच्या इच्छेने आलात ना?” मी म्हटलं, “भांडण करून आलोय.” ती हसली नाही. तीही काउन्सिलरच्याच जातीची. मग बाहेर बाकड्यावर बसवलं. मला ठाऊक होतं काही निघणार नाही. आयुष्यभर बोली करत आलेला माणूस मी, मला माझा माल माहीत नसेल? तरी त्या बाकड्यावर मी जे बसलो, तसा कधी कुठे बसलेलो नाही. समोरून जो जाईल त्याच्याकडे बघायचं नाही, आणि तो बघतोय का हेही बघायचं नाही.

रिपोर्ट चांगला आला. मी तडक जाऊन लॅमिनेशन करून घेतलं, कारखान्यात आलो, खिळा-हातोडी मागवली. हजेरीच्या टेबलाच्या वर, देवाच्या फोटोशेजारी लावायचा, असा बेत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावा, मेहुण्याने तर दोनदा.

काउन्सिलर म्हणाला, “लावा. तुमचा कागद आहे, तुमची मर्जी.” एवढंच.

खिळा मारत होतो, तेव्हा लखमी मोकळी पोती घेऊन चालली होती. थांबली. तिला वाचता येत नाही, पण दवाखान्याचा शिक्का तिला ओळखता येतो.

“शेठचा कागुद हा?”

“हो. बघ, स्वच्छ.”

तिने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. “मग आमी आमचा कुठं लावू? हीतं जागा पुरल का समद्यांना?”

ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, मला सांगता येणार नाही. तिच्या मागे ओव्हनवरचे, पॅकिंगचे, सगळेच हात थांबवून बघत होते. त्या बत्तीसांत एक माणूस होतं ज्याच्याकडे लावण्यासारखा कागद नव्हता, आणि ते आत्ता माझ्या हातोडीकडे बघत होतं. तोंडं वाचायला मला दोन क्षण पुरतात. माझा धंदाच तो. एवढे दिवस मी ज्याची वाट बघत होतो ती संधी समोर उभी होती. नुसती मान वळवायची होती.

मी मान वळवली नाही. खिळ्याकडेच बघत राहिलो. हा माझा चांगुलपणा म्हणू नका, मला त्या क्षणी बाकडं आठवलं, बाकी काही नाही. खिळा उपटला, भिंतीला भोक राहिलं, ते अजून आहे. लॅमिनेशन केलेला कागद वाया घालवायचा नाही म्हणून चहाच्या ग्लासाखाली ठेवायला लागलो, अक्षरं खाली करून. डाग पडत नाहीत, चांगली वस्तू आहे.

लोकांचं म्हणाल तर अर्ध्या चिंचणीला अजून संशय आहे. त्याचेही फायदे आहेत. मेहुणा आला तर मुक्काम करत नाही. पंगतीत शेजारी ऐसपैस जागा मिळते. न्हाव्याने सगळ्यांसाठीच नवं ब्लेड सुरू केलं. हे काउन्सिलरला सांगितलं तर म्हणाला, “चला, एक जण सुधारला.” जणू माझी अब्रू त्यासाठीच खर्ची घातली होती. बायकोला मात्र मी रिपोर्ट दाखवला होता. तिने वाचला, घडी घालायला गेली, लॅमिनेशनमुळे घडी पडेना, तेव्हा हसली. आणि वापीहून माल परत आला का? नाही. व्यापाऱ्याच्या कानावर सगळं गेलं होतं. तो फोनवर म्हणाला, “भाई, हमको फुग्गा चाहिए, रिपोर्ट नहीं.” माझा बिनचूक हिशोब तिथेच चुकला.

काउन्सिलर गेला तेव्हा मी त्याचं कपाट उघडलं. वाटलं होतं, कुठेतरी नाव लिहिलेलं असेल. चार निरोधची पाकिटं, तारीख न गेलेली, आणि अर्जाचे कोरे कागद. नमुना तो बरोबर घेऊन गेला होता. झेंडूचं वाळलेलं फूल मात्र कपाटात होतं.

आता हजेरी एक मुलगी लिहिते. तिला मी काही सांगितलेलं नाही, पण तिनेही नवं रजिस्टर आखताना तेहतीसच नावं लिहिली. वापीचं काम हल्ली फोनवर होतं. तरी दुसऱ्या गुरुवारी मी अर्धा दिवस बाहेर असतो. माझ्या नावावर सुट्टी लिहिलेलीच आहे, मग घ्यायची कशाला सोडू? त्या वेळात सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. फुकट मिळतात.

मागच्या महिन्यात मी त्या ओळीत उभा होतो. पलीकडे दुसरी ओळ असते, त्या गोळ्यांची. मध्ये तेच बाकडं. आणि त्या दुसऱ्या ओळीत, हातात पिशवी धरून, माझ्याकडचं एक माणूस उभं होतं. बाई की बाप्या, ते लिहीत नाही. म्हातारं की तरणं, तेही नाही. तुम्ही डहाणूचे असाल तर माझ्याकडे बघून ओळखायचा प्रयत्नही करू नका, माझ्या तोंडावर काही सापडणार नाही. एवढंच सांगतो की इतकी वर्षं मी ज्यांच्यावर डोळा ठेवला त्यांतलं ते नव्हतं.

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर डेंग्यूची पाटी होती. ती मी चार वेळा वाचली. मागून ती पिशवी घाईघाईने गेल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या टेबलापाशी ते माणूस माझ्यासमोर येऊन थांबलं. सही करून पुढे जायचं, ते गेलं नाही.

“शेठ, काल दिसलात नाय. कुठं गेलतात?”

आवाज नेहमीचाच होता. पण टेबलाची कड बोटांनी अशी धरलेली, की नखं पांढरी पडली होती.

“कामानिमित्त,” मी म्हटलं. “आणि तुझं?”

मग बोटं सुटली.

“माझं पन. कामानिमित्त.”

“मग चल, ओव्हन तापलाय,” मी ओरडलो. “आणि नखं काप. माल जातो.”